सावद्याच्या खणातला कागद

आबा,

तुमच्या नावाआधी 'कै.' लावलेली नोटीस मंगळवारी आमच्या धुळ्याच्या दवाखान्याच्या बोर्डावर लागली. जळगावच्या मुख्य दवाखान्यातून आली होती. नाव, पद, नोकरीची वर्षं, आणि 'अत्यंत मनमिळाऊ व कर्तव्यदक्ष'. कर्तव्यदक्ष ठीक आहे. पण मनमिळाऊ? जो माणूस एका कागदाच्या जागेवरून माझ्याशी तीन तीन दिवस बोलत नसे, तो? मी बोर्डासमोर उभी राहून हसले आणि मग तिथेच डोळे भरून आले. नोटिशीत सगळं होतं, तुमचं गाव मात्र नव्हतं. मी पर्समधून पेन काढलं आणि तुमच्या नावाखाली 'असोदा' असं लिहिलं. शिपाई बघत होता. बघू दे.

बाकीची माहिती नोटिशीत आहे, म्हणून ती इथे लिहीत नाही. मला तुमच्याशी बोलायचंय ते आपल्या रेकॉर्ड रूमबद्दल, आणि एका गोष्टीबद्दल, जी मी तुम्हाला कधीच सांगितली नाही.

मी अमळनेरहून बी.कॉम. करून जळगावला नोकरीला लागले तेव्हा बावीस वर्षांची होते. रेकॉर्ड रूम म्हणजे मला एखादी खोली वाटली होती. तुम्ही दार उघडलंत आणि आत जमिनीपासून छतापर्यंत नुसते गठ्ठे. दवाखाना सुरू झाल्यापासूनचा प्रत्येक रुग्णाचा केसपेपर, सगळे वर्षावर लावलेले. म्हणजे कोणी जुना कागद मागायला आलं की तुम्ही विचारायचात, "कोणत्या वर्षी ॲडमिट होते?" आणि समोरचा म्हणायचा, "कपाशी चांगली पिकली होती त्या वर्षी." किंवा, "थोरल्याचं लग्न झालं त्याच्या आदल्या वर्षी." मग तुम्ही थोरल्याला आता किती लेकरं आहेत ते विचारून वर्ष काढायचात. मला वाटलं, हा काय कारभार आहे!

त्याच उन्हाळ्यात मोठ्या डॉक्टरांनी आपल्याला जुन्या नर्सेस क्वार्टरमधल्या दोन खोल्या आणि नवे लोखंडी रॅक दिले. म्हणाले, "सगळं नव्यानं लावा. कसं लावायचं ते तुम्ही दोघं ठरवा." डॉक्टर सहज बोलून गेले. आपण दोघं पुढची दहा वर्षं तेच ठरवत बसलो.

माझं पहिलं म्हणणं होतं आडनावाप्रमाणे. कॉलेजच्या पुस्तकात तसं होतं. तुम्ही वाद घातला नाहीत. मिशीत हसलात आणि म्हणालात, "लाव. मी गठ्ठे देतो." चार दिवस मी घाम गाळला. चौथ्या दिवशी 'प'चे तीन रॅक भरून कागद जमिनीवर आले होते, कारण अर्धा जिल्हा पाटील. 'च'चा रॅक चौधऱ्यांनी वाकला होता. आणि मी हौसेनं रंगवून घेतलेल्या 'ठ'च्या रॅकमध्ये दोन ठाकरे आणि एक ठाकूर ऐसपैस पसरले होते. तुम्ही डबा उघडून मला भरीत-भाकरी दिलीत. म्हणालात, "जेव आधी. मंग पाटलाइले बाहेर काढू."

मग तुमचं म्हणणं. रॅक तालुक्याचा, खण गावाचा. रावेर, यावल, भुसावळ, चोपडा, अमळनेर, एरंडोल. पेंटर बोलावून तुम्ही प्रत्येक रॅकच्या कपाळावर पांढऱ्या ऑइलपेंटनं तालुक्याचं नाव लिहून घेतलंत. मी म्हटलं, "आबा, हा दवाखाना आहे की एस.टी. स्टँड?" तुम्ही म्हणालात, "मानूस आजार इसरते, वरीस इसरते, डाक्टरचं नाव इसरते. गाव इसरते का?" आणि खरंच, कागद सापडायला लागले. अर्धा अर्धा दिवस लागायचा तिथे चहा निवायच्या आत कागद खिडकीवर. मी तुमचं कौतुक केलं नाही. तेव्हा माझा तसा स्वभावच नव्हता.

आपलं खरं भांडण बायांवरून झालं.

मुलगी सावद्याची असली की तिचा लहानपणीचा कागद सावद्याच्या खणात. लग्न होऊन ती पारोळ्याला गेली, तिथून दवाखान्यात आली, की नवा कागद पारोळ्याच्या खणात. आडनाव बदललेलं, बापाच्या नावाच्या जागी नवऱ्याचं नाव, आणि बऱ्याचदा तिचं स्वतःचं नावही सासरच्यांनी बदललेलं. एकाच बाईचे दोन कागद, दोन नावं, दोन रॅक, आणि एकाला दुसऱ्याचा पत्ता नाही. मी म्हणाले, लग्न झालं की सगळं सासरच्या गावात न्यायचं. तुम्ही म्हणालात, सगळं माहेरात ठेवायचं.

"म्हणजे तुम्ही बायांना जन्मभर माहेरीच बसवणार?" मी म्हटलं.

"मी नही बसवत. पन जलमली तठीच ना? ते कोनाले बदलता येते का?"

"मग प्रत्येकाला एक नंबर द्या. जन्मभर एकच नंबर. गाव नको, आडनाव नको."

"आन तो नंबर कोनाच्या ध्यानात राह्यते? तुह्या?"

तीन दिवस आपण बोललो नाही. खिडकीवर येणाऱ्या लोकांच्या मार्फत एकमेकांना निरोप देत होतो. चौथ्या दिवशी तुम्हीच तोड काढलीत. कागद माहेरच्या खणात, आणि सासरच्या खणात एक चिठ्ठी: 'हिचे कागद सावद्याला पाहा.' पण त्यासाठी माहेर माहीत हवं, आणि केसपेपरवर माहेराचा रकानाच नव्हता. म्हणून तुम्ही खिडकीवर बसून प्रत्येक बाईला विचारायला लागलात, "ताई, माहेर कोनतं? माहेरचं नाव काय व्हतं?"

आबा, तेव्हा मी तुमच्या शेजारी बसलेली असायचे. कळा सोसत, ताप अंगावर घेऊन, पोराला कडेवर घेऊन त्या बाया यायच्या आणि हा प्रश्न ऐकला की क्षणभर थांबायच्या. आपलं जुनं नाव सांगताना काही जणी लाजायच्या. एक म्हातारी तर पदर तोंडाला लावून हसत सुटली. म्हणाली, चाळीस वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं. मला ते फार आवडायचं. हेही मी तुम्हाला बोलले नव्हते.

आता ती गोष्ट.

जागा पुन्हा अपुरी पडायला लागली तेव्हा व्यवस्थापनानं सांगितलं, दहा वर्षांपेक्षा जुने कागद काढून टाका. तुम्ही कुरकुरलात. मी नाही. मला मोकळे रॅक बघायचे होते. मी निळी पेन्सिल घेऊन बसले आणि एकेक खण तपासत, जुन्या कागदाच्या कोपऱ्यावर फुली मारत गेले. फुलीचे कागद बांधून मागच्या व्हरांड्यात. आठ दिवसांत व्हरांडा भरला. तुम्ही त्या आठ दिवसांत मला एकदाही अडवलं नाहीत, याचं मला नवल वाटलं होतं. मला वाटलं, जिंकले.

दिवाळी होऊन गेली होती. दुपारची वेळ. अमळनेरकडच्या एका खेड्यातून जीपमधून एक बाळंतीण आली. पहिली खेप, मूल आडवं, ऑपरेशन करायचं ठरलं. नवरा सुरतेला कामावर होता. सोबत फक्त सासू. खिडकीवर येऊन ती रडायलाच लागली. "बठ्ठा कागद घर राही ग्यात, भाऊ."

"राहू द्या. सुनेचं नाव?"

"सुनंदा."

"माहेर कोनतं?"

"सावदा शे."

"माहेरचं नाव काय व्हतं तिचं?"

सासू गोंधळली. सून आता मरणाच्या दारात आणि हा माणूस तिचं माहेरचं नाव विचारतोय! पण ती आठवत राहिली. "शकुंतला... हा, शकुंतला. शकू म्हनेत तिले." मग बापाचं नाव सांगितलं.

तुम्ही उठलात. तुमचा गुडघा तेव्हाच दुखायचा, तरी स्टूल ओढून त्यावर चढलात, सावद्याचा खण, खालून तिसरा गठ्ठा. मी मागे उभी होते. तुम्ही कागद काढलात, वाचलात आणि तुमचा चेहराच बदलला. अकरा वर्षांपूर्वी, बारा वर्षांची असताना, तिचं अपेंडिक्सचं ऑपरेशन आपल्याकडेच झालं होतं. आणि कागदावर लाल शाईनं लिहिलं होतं की एका इंजेक्शनानं तिचा श्वास कोंडला, जेमतेम वाचली, ते पुन्हा कधीही देऊ नये.

"पय," तुम्ही म्हणालात. "मह्या पायानं नही व्हनार. तू पय."

मी पळाले. क्वार्टरच्या पायऱ्या, मधलं अंगण, लांब व्हरांडा. पळता पळता कागदाकडे नजर गेली. वरच्या कोपऱ्यात निळ्या पेन्सिलीची फुली होती. माझी.

ऑपरेशन थिएटरच्या दारात सिस्टरांनी कागद आत नेला. ट्रेमध्ये भरून ठेवलेल्या इंजेक्शनांतलं एक डॉक्टरांनी बाजूला काढलं, असं सिस्टरांनी मला नंतर सांगितलं. तासाभरानं मुलगी झाली. आई सुखरूप. सासूनं आधी मला मिठी मारली आणि मग खिडकीवर जाऊन तुमच्या पाया पडली. तुम्ही मागे सरकलात, "अवं माय, मी काय केलं!"

संध्याकाळी मोठे डॉक्टर स्वतः रेकॉर्ड रूममध्ये आले. स्टुलावर बसले, पाणी मागितलं. "आबा, हा कागद इतका जुना, तो अजून होता कसा?" तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "या पोरीनं पळत नेला, म्हनून येळेवर पोचला." बास. एवढंच.

दुसऱ्या दिवशी तुम्ही जेवायला गेलात तेव्हा मी सावद्याचा खण उघडला. माझ्या फुल्यांचे कागद, चाळीस-पन्नास तरी. मग रावेरचा, मग यावलचा. सगळीकडे तेच. मी व्हरांड्यात टाकलेले गठ्ठे तुम्ही सोडून त्यातले कागद परत जागेवर लावले होते. सगळे नव्हेत. पुरुषांचे नाहीत, म्हाताऱ्यांचे नाहीत. फक्त मुलींचे. मला एक शब्द न बोलता.

आणि शकुंतलेच्या कागदावरची फुली आठवड्याभरानं बघितली तर खोडलेली होती. निळी पेन्सिल नीट खोडली जात नाही, कागद तेवढा खरवडला होता. म्हणजे तुम्ही बघितलं होतं. म्हणजे मी बघितलं असणार, हेही तुम्हाला कळलं होतं. आणि आपण दोघं समोरासमोरच्या टेबलांवर बसून चहा पीत होतो.

मी बोलायला हवं होतं. रोज ठरवायचे. कधी तुमच्यासमोर कोणीतरी असायचं, कधी तुम्ही खुशीत असायचात आणि ती खुशी मोडवत नसे. मग माझं लग्न ठरलं, धुळ्याला. सासरच्यांनी माझं नाव स्मिता ठेवलं. मांडवातून जाताना तुम्ही मला विचारलंत, "नवं नाव काय?" मी सांगितलं. तुम्ही मान हलवलीत आणि त्यानंतर एकदाही त्या नावानं हाक मारली नाहीत. पहिल्या बाळंतपणाला मी आपल्याच दवाखान्यात होते. घरी जायच्या दिवशी विचारलं, "माझा कागद कुठे लावलात?"

"अमयनेरच्या रॅकले."

"मी आता धुळ्याची आहे, आबा."

"तठी चिठ्ठी ठेवली ना तुही. भांडू नको, टाके दुखतीन."

आपल्याच संस्थेनं धुळ्याला दवाखाना काढला आणि रेकॉर्ड रूम लावायला मला बसवलं, तोवर तुम्ही निवृत्त झाला होतात. या वेळी कागदांसोबत संगणकही आला. नाशिकहून ते बसवायला आलेले गृहस्थ चांगले होते. त्यांचा पहिलाच प्रश्न, "मॅडम, सगळ्यात वरच्या पातळीवर कप्पे कशाचे करायचे? ते एकदा ठरलं की पुन्हा बदलणं अवघड." मला हसू आलं. मी म्हटलं, दोन दिवस थांबा, आणि तुम्हाला बोलावणं पाठवलं. तुम्ही एरंडोल-पारोळ्याच्या एस.टी.नं आलात, पिशवीत केळीची फणी घेऊन.

पडद्यासमोर तुम्ही हात मांडीवर ठेवून बसलात, देवासमोर बसावं तसे. "याच्यात रॅक कुठी?" मी दाखवलं. कप्प्याचं नाव फक्त आठ अक्षरांत, तेही इंग्रजीत, हे ऐकून तुम्हाला यंत्राची कीव आली. "शिंदखेडा कसं बसनार?" मी म्हटलं, गाव वर नाहीच ठेवायचं. वर नंबर. जन्मभर एकच.

"झालं तुहं सुरू," तुम्ही म्हणालात.

नाशिकवाले मध्ये पडले. "आजोबा, संगणकात काहीही वर ठेवा, कुठूनही शोधता येतं."

"शोधता येते, ते बरं. पन आधी इचारून भरलं पाहिजे ना? जे इचारलंच नही, ते कसं सापडनार?"

त्या गृहस्थांनी ते वहीत लिहून घेतलं. माहेरचं गाव, माहेरचं नाव, हे रकाने भरल्याशिवाय पुढे जाताच येणार नाही अशी सोय त्यांनी करून दिली. नंबर वर राहिला. म्हणजे कोण जिंकलं?

त्या मुक्कामात तुम्ही माझ्यासोबत खिडकीवरही बसलात. साक्रीच्या पलीकडून डोंगरातली एक बाई आली, ऊसतोडीच्या टोळीसोबत फिरणारी. तुम्ही नेहमीचा प्रश्न विचारलात. तिला तो समजला, पण उत्तर देता येईना. आई एका तळावर वारली, ती स्वतः दुसऱ्या तळावर जन्मली, लग्न तिसऱ्याच ठिकाणी. तुम्ही पेन खाली ठेवलंत आणि म्हणालात, "हिच्यासाठी तुहा नंबरच बरा, बेटा." मला जिंकल्याचा आनंद झाला नाही. तुम्ही तिच्या चिठ्ठीवर नंबर मोठ्या अक्षरांत लिहिलात, दोनदा वाचून दाखवलात आणि पदराला गाठ मारून ठेवायला सांगितलंत.

जाताना म्हणालात, "तरी नवीन रॅक घेतले तं गावाचे कर." मी म्हटलं, "बघू." तेच आपलं शेवटचं बोलणं. भांडण मिटलं नाही आणि मला ते मिटायला नकोच होतं.

काल मी असोद्याला तुमच्या घरी आले. पाचवा दिवस. मोकळ्या कपाळानं अक्का ओट्यावर बसल्या होत्या, बाया येऊन जाऊन होत्या. दुपारी गर्दी ओसरली तेव्हा मी त्यांच्याजवळ सरकले आणि जे तुम्हाला सांगायचं ते त्यांना सांगितलं. फुल्या, व्हरांडा, सावद्याचा खण, शकुंतला. तिच्या जिवाशी खेळ झाला असता आणि तो माझ्या हातून झाला असता, हे पहिल्यांदा तोंडातून बाहेर आलं. रडत होते बहुतेक.

अक्कांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मले माहीत हाये. त्याहीनं त्याच दिवशी सांगितलं व्हतं."

"काय सांगितलं?"

"म्हने, पोरींचे कागद फेकता येत नही. त्या दुसऱ्या नावानं येतीन, तव्हा त्याइले कोन वयखीन? म्हनून मी ते परत लावले. आन म्हने, पोरीनं आज फुली पाह्यली. लय घाबरली. आता तिच्यासारखा कागद सांभायनारं कोनी सापडनार नही. मी गेलो तं रेकॉर्ड तिच्याच हाती द्या, असं डाक्टरले सांगून ठेवतो."

धुळ्याला माझी नेमणूक झाली तेव्हा मला वाटलं होतं, जुन्या नोकरीच्या अनुभवावर झाली.

"मला का नाही बोलले कधी?"

"तू बोलली का?" अक्का म्हणाल्या, आणि तशाही दुःखात त्यांना थोडं हसू आलं. "दोघं सारखेच."

शेजारच्या घरून पिठलं-भाकरी आली होती. आतल्या खोलीत घरच्यांची ताटं मांडत होते. मी चप्पल घालायला उठले. सुतकाच्या घरी बाहेरच्यांनी जेवायचं नसतं, एवढं मला कळतं. अक्कांनी माझा हात धरून खाली बसवलं.

"कुठी चालली? ताट मांडलं तुहं."

मी बसले, आबा. तुमच्या सुनांच्या आणि लेकींच्या पंगतीत बसले आणि पोटभर जेवले.